माशीवरचं नेलपॉलिश

"हार्लन, परत वर मारलीस!"

"नळीच्या टोकावरची नेम धरायची माशीच दिसत नाही रे, वेस. नुसतं धुकं."

ओक्लाहोमातल्या आमच्या गावात माझं बंदुकांचं दुकान आहे, मागे नेमबाजीचं मैदान. हार्लन कोर्टाच्या दारावर पहारा देतो. शुक्रवारी त्याची नेमबाजीची परीक्षा. नापास झाला की नोकरी गेली. आणि लोरेटा गेल्यापासून नोकरीशिवाय त्याच्याजवळ होतं काय? बायकोला पुरलं तेव्हा हा बाबा रडलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सँडविच घेऊन ड्यूटीवर हजर!

"पिस्तुलावर लाल ठिपक्याची काच बसव," मी म्हणालो. "माशी बघायला नजर जवळ आणावी लागते. म्हातारे डोळे तिथंच मार खातात. काचेत ठिपका दिसतो, नजर समोरच राहते."

"व्हिडिओ गेम आहे का? बॅटरी संपली म्हणजे?"

"बॅटरी बदलता येते. तुझे डोळे बदलून देऊ?"

तो हसला नाही. अडचण मला ठाऊक होती. काच बसवायची तर जुनी माशी काढून, बॅटरी संपली तरी काचेतून दिसेल अशी उंच माशी लावावी लागते. आणि ती जुनी माशी लोरेटा दर परीक्षेआधी स्वतःच्या नारिंगी नेलपॉलिशने रंगवायची. "आता तरी दिसेल आंधळ्याला," म्हणायची.

"काढ," हार्लन म्हणाला. कपाळावर आठीसुद्धा नाही. त्या थंडपणाची मला भीतीच वाटली.

माशी गच्च बसली होती. हातोडीने ठोकून काढताना रंगाचे टवके उडाले. जीव हळहळला, पण काय करणार?

नव्या काचेवर सराव सुरू झाला. सवयीने तो माशीच शोधायचा, पिस्तुलाचं तोंड वर जायचं आणि ठिपका गायब.

"समोर बघ, गाढवा! निशाणाकडे!"

शुक्रवारी तो पास झाला. संध्याकाळी दुकानात आला. मी पाठ थोपटली. त्याला काही वाटल्याचं दिसलं नाही.

"ती जुनी माशी आहे का?"

मी खणातून काढून त्याच्या तळहातावर ठेवली. हात लांब करून, डोळे बारीक करून तो बघत राहिला.

"रंग आहे ना रे अजून?"

माशी काळीकुट्ट होती.

"आहे की," मी म्हणालो. "चांगला नारिंगी आहे."

त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.