चाळणी फिरली

जर्वस हातमोजेवाल्याचा चांदीचा चमचा नाहीसा झाला तेव्हा ॲम्ब्रोस त्याच्या शेजारीच बसला होता. एवढं गुत्त्यातल्या सगळ्यांना आठवत होतं. ॲम्ब्रोसला मात्र तेवढंही धड आठवत नव्हतं.

जत्रेचा दिवस होता. हॅलबरीत त्या दिवशी दुपारपासूनच कोणी शुद्धीवर नसतं. ऑड्रीबाईच्या गुत्त्यातलं चुलीजवळचं बाकडं तिघांचं ठरलेलं: जर्वस, गिरणीवाला लँबर्ट आणि घरांची छपरं शाकारणारा ॲम्ब्रोस. जर्वसच्या लेकीला मुलगा झाला होता, रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता. नातवाला द्यायचा म्हणून त्याने तो चमचा कापडात गुंडाळून आणला होता. दांड्याच्या टोकाला संताची इवलीशी मूर्ती. त्याच्या वारलेल्या बायकोने माहेरून आणलेली ती एकुलती एक चांदी. सगळ्यांच्या हातून तो चमचा फिरला. मग पैज लागली, एका दमात कोण किती पितो याची. त्यानंतरचं ॲम्ब्रोसच्या डोक्यात तुकड्या-तुकड्यांनीच उरलं होतं. कुणाचं तरी गाणं, लँबर्टच्या मांडीवर सांडलेली बिअर आणि एकदम आपल्याच दारातला चिखल.

दुसऱ्या दिवशी दुपारी लँबर्ट त्याला बोलवायला आला. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही.

गुत्त्यात जर्वस तोंड पाडून बसला होता. "चमचा गेला," तो म्हणाला.

"मग शोधू या की."

"शोधला. फरशीवरचा पेंढासुद्धा उपसला बाईंनी."

"माझी झडती घे, गड्या. तुझ्या मनात किंतू नको."

"लँबर्टची रातच्यालाच घेतली," जर्वस खाली बघत म्हणाला. "तू तोवर निघून गेला होतास. आता तुझी झडती घेऊन काय उपयोग?"

ॲम्ब्रोस हसला, पण त्याच्याबरोबर कोणीच हसलं नाही.

ऑड्रीबाईने पिठाची चाळणी आणली आणि मेंढ्या कातरायची मोठी कात्री. पाद्रीबुवांनी हा प्रकार कितीदा तरी निषिद्ध ठरवला होता, पण हॅलबरीत वस्तू हरवली की पाद्रीबुवांना विचारतो कोण? कात्रीची टोकं चाळणीच्या कडेत रुतवली. मुठीखाली एकीकडून बाईने आणि दुसरीकडून लँबर्टने बोट धरलं. चाळणी अधांतरी लोंबू लागली. चोराचं नाव घेतलं की ती फिरते, असं सगळे मानत.

"संत पीटर आणि संत पॉलच्या नावानं," बाई पुटपुटली, "चमचा लँबर्टनं घेतला."

चाळणी जागची हलली नाही. मग जत्रेला आलेल्या फेरीवाल्याचं नाव घेतलं, लोहाराच्या गड्याचं घेतलं. चाळणी हलली नाही.

"चमचा ॲम्ब्रोसनं घेतला."

चाळणी फिरली. सावकाश, अर्ध्या गिरकीएवढी, आणि कात्री सुटून खणकन खाली पडली.

"लँबर्ट, तू बोट हलवलंस," ॲम्ब्रोस म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"मी कशाला हलवू? तुझं माझं काही वाकडं आहे का?" लँबर्टच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ॲम्ब्रोसला सगळ्यात भीती वाटली ती त्या पाण्याची. लँबर्ट खोटं बोलत नव्हता.

जर्वस उठला. "रविवारच्या आत चमचा बाईंच्या उंबऱ्यावर ठेव. कोण ठेवून गेलं ते मी विचारणार नाही."

घरी आल्यावर ॲम्ब्रोसने अंथरुणातला पेंढा उपसला, हत्यारांची पिशवी उलटी केली, गुत्त्यापासून घरापर्यंतचा चर हाताने चाचपला. बायको थॉमसिन पदर खोचावा तसा झगा खोचून त्याच्या बरोबरीने चिखलात उतरली. चिडवत होती, लाडाने शिव्या देत होती. शेवटी दोघं चराच्या काठावर बसली तेव्हा तिने विचारलं, "तू घेतला नाहीस ना?"

तो बोटांमधला चिखल खरवडत राहिला.

"अरे, मी विचारतेय. नाही म्हण ना."

"आठवत नाही, थॉमसिन."

"हे कसलं उत्तर?"

"खरं तेच सांगतोय. मी घेतला असेन असं वाटत नाही. पण त्या दुपारचं मला काहीच..."

ती उठली, हात धुतले आणि आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी भाकरी-मिठापुरतं बोलत राहिली. 'नाही' एवढा एक शब्द तिला हवा होता. तो खोटा असता तरी चालला असता.

रविवारी बाळाचा बाप्तिस्मा चमच्याशिवाय झाला. सोमवारी जर्वसने तक्रार केली आणि गावचा शिपाई ॲम्ब्रोसला न्यायाधीशांच्या वाड्यावर घेऊन गेला. साहेब जेवायला बसण्याच्या घाईत होते.

"चमचा तू घेतलास?"

"घेतला असेलही, साहेब."

"असेलही म्हणजे?"

"मी प्यालो होतो. शपथेवर नाही म्हणवत नाही."

कारकुनाने टाक उचलला. कागदावर उतरला तो कबुलीजबाब.

उन्हाळाभर ॲम्ब्रोस तुरुंगातल्या ओल्या भिंतीला पाठ लावून बसला. शेजारची माणसं तापाने मरत होती. तो मेला नाही. चेम्सफर्डच्या कोर्टात जर्वसला साक्ष द्यावीच लागली. मागे फिरायची सोय उरली नव्हती. चांदीच्या चोरीला फास ठरलेला, पण पंचांनी दयेपोटी त्या चमच्याची किंमत शिलिंगाच्याही आत लावली. तेवढ्याशा चोरीला फास नसे, फाशी टळली. बाजाराच्या दिवशी हॅलबरीच्या चौकात ॲम्ब्रोसला उघड्या पाठीवर रक्त येईस्तोवर फटके बसले. थॉमसिन आली नव्हती. लँबर्ट गर्दीच्या मागे उभा होता, तिसऱ्या फटक्याला निघून गेला.

मग काम तुटलं. छपरावर चढणाऱ्या माणसाला घरातलं सगळं दिसतं, चोराला वर कोण चढू देणार? थॉमसिन भावाकडे कापणीला म्हणून गेली ती आलीच नाही.

थंडी पडल्यावर जर्वस त्याच्या दारी आला. बस म्हटल्यावर बसला.

"पंचांना मीच विनवलं होतं. किंमत कमी लावा म्हणून."

"कळलं मला."

"आता तरी सांग. चमचा नको मला. त्याचं काय झालं तेवढं सांग."

"माहीत असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं, जर्वस."

"मग कबूल कशाला झालास, लेका?" जर्वसचा आवाज चिरकला. "नाही म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता. मी वाट बघत होतो, तू नाही म्हणशील याची."

ॲम्ब्रोसने त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं एका बाकावर बसलेला माणूस. "तुम्हा सगळ्यांना आठवत होतं," तो म्हणाला. "मला नव्हतं. मला वाटलं, तुम्हीच खरे असाल."

जर्वस उठला, टोपी घातली. दारात त्याचा हात ॲम्ब्रोसच्या खांद्याकडे गेला. पाठीवरच्या वळांची आठवण झाली असेल, त्याने हात तसाच मागे घेतला.

ॲम्ब्रोस पुन्हा कधी प्याला नाही. कुणी बोलावलंही नाही म्हणा. लांबच्या एका मळ्यावर मेंढ्यांच्या गोठ्याचं छप्पर शाकारायचं काम मिळालं, तिथे त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसभर तो पेंढ्या रचत वर बसे. वाऱ्यावर कधी खालच्या गड्यांचं हसणं कानावर आलं, की हातातली पेंढी तशीच धरून तो ते थांबेपर्यंत ऐकत राही.