पाळीची गाडी

गहिनीनाथ आणि धोंडीराम सख्खे भाऊ, आणि दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे. वडील गेले तशी वाटणी झाली. रान वाटलं, जनावरं वाटली, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, विहिरीचं पाणी पाळीनं ठरलं. उरली वडिलांची मोटरसायकल. ती दोघांनाही पाहिजे होती, आणि दुसऱ्याला मिळू नये हे त्याहून जास्त पाहिजे होतं. विकायचा विषय काढला की दोघंही काढणाऱ्याच्या अंगावर जायचे. शेवटी सरपंच भगवानराव वैतागले.

"विहीर पाळीनं चालती, मग गाडीला काय झालं बे? एक सोमवार ते सोमवार ह्याची, पुढला सोमवार ते सोमवार त्याची. आन् कान उघडे ठिवून ऐका, ज्याच्या पाळीत गाडी कायमची बंद पडंल त्यानं हक्क सोडायचा. उठा आता."

भगवानराव चहा पिऊन आपल्या वाटेनं गेले. मोटरसायकल कुठं विहिरीसारखी चालवतात का? पण ह्या दोन शहाण्यांनी ती चालवली.

पेट्रोलचं सोपं होतं, टाकी कोरडी करून द्यायची. इंजिनातल्या तेलाचं काय करायचं? ते आठ दिवसांत संपत नाही. मी आणलेल्या तेलावर ह्यानं फुकट हिंडायचं, ह्या विचारानंच गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. पाळी संपायच्या संध्याकाळी त्यानं इंजिनाखालचा बोल्ट खोलला, तेल डब्यात उतरवलं आणि डबा घरात नेऊन ठेवला. सोमवारी धोंडीराम शिव्या देत आला, स्वतःचं तेल ओतलं आणि त्याच्या पाळीच्या शेवटी त्यानंही तेच केलं. दुसऱ्यानं कोरडी गाडी चुकून पळवू नये म्हणून खोललेला बोल्ट लाल चिंधीत बांधून हँडलला लटकवायची रीत पडली. चिंधी दिसली की गाडी कोरडी आहे, आपलं तेल घाला. गावातली शेंबडी पोरंसुद्धा ती खूण ओळखायची. भावाभावांत तेवढंच एक बोलणं उरलं होतं.

बरं, तेल तरी धड घालावं की नाही? पाटोद्याला रेवणसिद्ध अप्पांचं तेलाचं आणि स्पेअर पार्टचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि तोंड सदा आंबट. गहिनीनाथनं त्यांच्याकडं ट्रॅक्टरचं तेल मागितलं.

"जाडच द्या. जाड तेलानं इंजिनाला बळ येतं."

"कुणी सांगितलं?" अप्पा म्हणाले. "ट्रॅक्टरचा क्लच कोरडा असतो, तेलापासून लांब. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. तेल चुकलं की प्लेटा सटकत्यात, न्हाई तर चिकटत्यात. दुचाकीचं तेल निराळं, आन् किती पातळ पाहिजे ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतंय. हे घ्या. तुमचे वडील हेच न्यायचे."

गहिनीनाथनं डबा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. घ्यायला तयारच झाला होता. तेवढ्यात अप्पांची जीभ वळवळली.

"धोंडीरामबी हेच न्हेतो."

डबा परत फळीवर गेला.

"मंग मला ट्रॅक्टरचंच द्या."

"तेलात बी भाऊबंदकी आणताव का, गहिनीनाथराव?"

"गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं. ग्यान न्हाई मागितलं मी."

अप्पांनी ट्रॅक्टरचा डबा त्याच्यापुढं आपटला. त्यांचं काय जात होतं?

आता पुढचं ऐका. गहिनीनाथच्या पाळीत गाडी सकाळी उठायलाच तयार नसायची. किक मारून मारून पिंडरी दुखायची, गिअर टाकला की गाडी हिसका देऊन बंद व्हायची. आणि धोंडीरामच्या पाळीत तीच गाडी पहिल्या किकला उठायची. भिंतीपलीकडून तो आवाज आला की गहिनीनाथच्या घशाखाली चहा उतरत नसे. तेल बदलायचं सोडून हा माणूस भावावर दात खात बसला. त्याच्या पोटात एकच भीती होती. ही अशीच कुंथत राहिली तर एक दिवस आपल्याच पाळीत बसेल, आणि वडिलांची गाडी भिंतीपलीकडं जाईल ती कायमची.

म्हणून त्यानं डाव टाकला. त्या रविवारी संध्याकाळी नेहमीसारखं सगळं तेल उतरवलं. मग बोल्ट घट्ट आवळून जागच्या जागी बसवला, वरून फडक्यानं पुसला. चिंधी खिशात घातली. हँडल मोकळं ठेवलं. दादा तेल काढायचं विसरला, असं धोंडीरामला वाटणार. फुकटच्या तेलाला तो काही नाही म्हणायचा नाही. कोरड्या इंजिनावर जाईल थोडं लांब, आणि मग बसेल. त्याच्या पाळीत बसेल. गहिनीनाथला त्या रात्री झोप छान लागली.

त्याची मुलगी वनमाला पोलीस भरतीची तयारी करत होती. दोन वर्षं ती फुफाट्यातून पळत होती, आणि सोमवारी बीडला तिची मैदानी चाचणी होती. तिच्यावर बापाचा जीव होता, उगाच खोटं कशाला सांगायचं? निजण्याआधी त्यानंच तिला बजावलं होतं, "पहिल्या एसटीनं जा. दुसऱ्या कुणाच्या नादी लागू नको." ती "बरं आबा" म्हणाली होती.

सकाळी भिंतीपलीकडं किक बसली. गाडी उठली, आवाज लांब गेला. गहिनीनाथ अंथरुणातच खूश झाला. सावकाश तोंड धुतलं, चुलीपाशी येऊन बसला. त्याची बायको गीताबाई चहा गाळत होती.

"वनमाला गेली का?"

"गेली की. फोन आलता तिचा, एसटी आलीच न्हाई. पोरगी फाट्यावर रडकुंडीला आलती. भावजींनी बघितलं आन् म्हणले, बस, मी सोडतो बीडला."

"कशावर?"

"गाडीवर. अजून कशावर सोडतेत?"

गहिनीनाथनं बशी तशीच चुलीपाशी ठेवली. वनमालाला फोन लावला, ती उचलेना. धोंडीरामचा नंबर त्यानं स्वतःच कधीचा पुसून टाकला होता. बायको विचारत राहिली, काय झालं, कावून असं करताव, आणि हा तसाच चपला न घालता फाट्यावर पळाला. मिळेल त्या टेम्पोत चढला. चालणारं इंजिन जाम झालं की मागचं चाक जागेवर आवळतं आणि गाडी माणसाला फेकून देते, हे त्याला माहीत होतं. धोंडीराम पडेल, हे त्याला रात्रीही माहीत होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

लिंबागणेशच्या पुढं चढाला गाडी कडेला उभी दिसली. धोंडीराम मैलाच्या दगडावर बसला होता. त्याची बाही कोपरापर्यंत फाटली होती आणि हाताला खरचटलं होतं.

"पोरगी?" गहिनीनाथनं विचारलं. कित्येक महिन्यांत भावाशी बोललेला हा पहिला शब्द होता.

"पडली. मागचं चाक एकाएकी जाम झालं. गुडघा फुटलाय तिचा. म्हणलं दवाखान्यात चल, तर ऐकंना. दुधाच्या टेम्पोत बसून गेली बीडला."

पोरगी जिवंत होती.

"माझंच चुकलं, दादा," धोंडीराम म्हणाला. "हँडलला चिंधी न्हाई, बोल्ट जागेवर. मला वाटलं, पोरीची परीक्षा हाय, कुणी न कुणी गाडी काढंल, म्हणून दादानं ह्या बारीला तेल ठिवलं. लई बरं वाटलं बघ. तेल मोजायची दांडी ओढूनबी न्हाई बघितली मी. वाटंत वनमालालाबी म्हणलो, तुझा बाप वाटतो तेवढा वाईट न्हाई."

बोलायची हीच वेळ होती, आणि गहिनीनाथनं मूग गिळले.

धोंडीरामनं खिशातून चावी काढून पुढं केली. "माझ्या पाळीत बंद पडली. भगवानराव म्हणलेत ते म्हणलेत. गाडी तुझी."

आणि गहिनीनाथनं ती घेतली. काय म्हणावं ह्या माणसाला? हात आपोआप पुढं गेला आणि चावी मुठीत आली.

"तुझं तेल लई जाड असतंय, त्याच्यानं झालं आसंल," धोंडीराम पाना घेत म्हणाला. "बघू तरी कसं झालंय."

"राहू दे."

"कावून राहू दे? मिस्त्री इचारंल की."

"राहू दे म्हणलं ना, धोंड्या."

धोंडीरामनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि गाडीखाली वाकला. बोल्ट फिरवला, काढला. खाली काहीच पडलं नाही. त्यानं भोकात बोट घातलं, बोटाला नुसती काळी राड लागली. मग बोट विजारीला पुसलं, बोल्ट खिशात टाकला आणि उठला.

"पोरगी मागं बसलीती, दादा," तो म्हणाला.

आणि आलेल्या पहिल्या जीपला हात करून निघून गेला.

संध्याकाळी वनमाला आली. गुडघ्याला पट्टी होती. पळायला उभी राहिली, पळालीसुद्धा, पण सगळ्यांच्या मागं राहिली. ह्या भरतीतून ती बाद झाली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि मग म्हणाली, "काकानं लई जपून चालवली, आबा. त्येला काही बोलू नका. गाडीनंच दगा दिला." गहिनीनाथनं मान हलवली. भिंतीपलीकडून कुणी काही बोललं नाही, आणि बोलत नाही ह्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली. धोंडीरामनं गावभर बोंब मारली असती तर ह्याला भांडता तरी आलं असतं.

दोन-चार दिवस गेले आणि तो पाटोद्याला रेवणसिद्ध अप्पांसमोर जाऊन उभा राहिला.

"ट्रॅक्टरचं का?" अप्पांनी वर न बघताच विचारलं.

"न्हाई. धोंडीराम न्हेतो ते."

अप्पांनी आता वर पाहिलं. "गाडी तर जाम होऊन पडलीय म्हणं. आता हे घालून काय उपेग?"

"द्या तुमी."

डबा घेऊन तो घरी आला. भिंतीला वळसा घालून पलीकडं गेला, धोंडीरामच्या उंबऱ्यावर डबा ठेवला आणि कडी न वाजवताच परत फिरला. आपण फार मोठं काही केलं असं त्याला वाटलं. चावी मात्र अजून त्याच्याच खुंटीला होती.

सोमवारी सकाळी वनमाला अंगण झाडायला उठली. उंबऱ्याबाहेर तेलाचा डबा होता, बुचाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. डब्याच्या कडीला लाल चिंधी बांधली होती. तिनं गाठ सोडली. आतून बोल्ट निघाला.

गहिनीनाथ ओसरीवर दात घासत होता. वनमाला बोल्ट तळहातावर घेऊन बघत राहिली. कधी बोल्टाकडं बघायची, कधी टेम्पोतून आणून शेडात ठेवलेल्या जाम गाडीच्या मोकळ्या हँडलकडं. मग लंगडत ओसरीपाशी आली.

"आबा," ती म्हणाली, "त्या सोमवारी हँडलला चिंधी नव्हती. मी स्वतः बघितलंतं."

गहिनीनाथनं चूळ भरली आणि तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. वनमालानं बोल्ट त्याच्यासमोर ओसरीवर ठेवला आणि केरसुणी उचलून अंगण झाडायला गेली.