अर्धवट तुटलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. कोपऱ्यात गप्प बसलेली दिसते, पण माझ्या जिवाला सतत घोर लागलेला असतो. भिंतीवरचा दिवा जरा मिचमिचला की वाटतं, गेली वीज, आली माझी पाळी.

कारखान्यातून निघाले ती एका स्कूटरमध्ये बसले. स्कूटर भंगारात गेली, तेव्हा एका वायरमनने मला आपल्या बहिणीकडे आणलं. तिचा नवरा शिंपी. अर्धांगवायूने त्याची वाचा गेली होती, उजवा हातही. डाव्या हाताच्या एका बोटाने तो साबणाच्या वडीएवढ्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा आणि कॉम्प्युटर एकेक शब्द मोठ्याने बोलायचा. पण विजेचा काही नेम नव्हता. वीज गेली की शिंप्याचं बोलणंही बंद.

"आता भाऊजींना कोणी गप्प करू शकत नाही," मला कॉम्प्युटरला जोडून वायरमन म्हणाला. "फक्त हिच्यातलं पाणी बघत जा, ताई."

त्याच दुपारी वीज गेली आणि कॉम्प्युटर बोलला, "चहात साखर विसरलीस." शिंप्याची बायको हसता हसता रडली. येईल त्याला ती माझं कौतुक सांगायची.

पुढे मात्र सगळे मला विसरले. पाणी आटलं, टोकांवर पांढरा थर चढला. त्यात शिंप्याच्या धाकट्या मुलाने मला मोबाइल जोडला, पाठोपाठ छोटा पंखाही. जीव कासावीस व्हायचा, पण सांगणार कोणाला?

शिंप्याच्या मुलीला परगावी नोकरी लागली. निघायच्या सकाळी नेमकी वीज नव्हती. दारात रिक्षा उभी होती.

"बाबा, जाऊ ना मी?"

शिंप्याचं बोट घाईघाईने चालू लागलं. "तू... जाऊ... नकोस..." आणि माझं बळ संपलं. कॉम्प्युटर विझला.

मुलीचा चेहरा पडला. तिने बॅग खाली ठेवली. "बरं. नाही जात."

शिंपी जोरजोराने मान हलवू लागला. तिला वाटलं, बाबा चिडलेत. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. शेवटी शिंपी उठला, पाय ओढत आला आणि डाव्या हाताने बॅग फरफटत रिक्षापर्यंत नेली.

"म्हणजे... जाऊ?"

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी वीज आली, वायरमनही आला. "मेली नाही ही, ताई, तहानली आहे," म्हणत त्याने मला घासूनपुसून पाणी भरलं. मग शिंप्याने मुलीला फोन लावून कॉम्प्युटरकडून सगळं वाक्य ऐकवलं, "तू जाऊ नकोस असं मी कधीच म्हणणार नाही."

आता शिंपी स्वतः मला पुसतो, पाणी बघतो. तरी माझी धाकधूक जात नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात राबत असेल. ते बंद पडायची वाट बघू नका. अधूनमधून वाकून विचारपूस करा.

बघा, दिवा गेला. आणि फोन वाजतोय, मुलीचाच असणार. मला कामाला लागू द्या.