चिकाचा दिवस

"आगं, चीक तळाला लागंल! त्या टीव्हीला काय डोळं चिकटवून बसलीस?" हरणाबाई अंगणातनं वरडली, तवा मी सोऱ्या घिऊन तिच्या दारात पाय ठेवत होते.

मी तिची शेजारीण, तुळजाबाई. कुरडया एकटीनं होत न्हाईत, म्हणून आमी वर्साला एकमेकीच्या हाताखाली जातो. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढला की मग तो थांबत न्हाई. आमच्या हिकडच्या उन्हात एक दिवस जादा ठेवला की आंबलाच.

हरणाबाईची सून ज्ञानेश्वरी उंबऱ्यात बसलेली. आत टीव्हीवर काळाकुट्ट धूर चाललेला.

"आत्या, रास हमीदा म्हनत्यात. त्येच बंदर. रातीच्याला बाँब पडलाय. तेलाच्या टाक्या पेटल्यात."

हरणाबाईचा एकुलता लेक मल्हार तिथं टँकरवर डायवर आहे. आधी नळदुर्गच्या हायवेला ट्रक चालवायचा. मेंढरामागं फिरायचं नको म्हणून ट्रकवर गेला, ट्रकवर भागंना म्हणून आखातात गेला. लढाई नंतर लागली.

"फोन लाव," हरणाबाई म्हणाली.

"कवाधरनं लावतीया. लागंना."

"मग ऊठ. पातेलं धर. हात रिकामा ऱ्हायला की मन कुठंबी जातं."

"तुमाला काळीज हाय का न्हाय आत्या? त्यो जित्ता हाय का ठावं न्हाय, आन तुमी कुरडया कसल्या करताव!"

हरणाबाईनं चिकात मीठ टाकलं. जरा येळानं परत टाकलं. मी बघितलं. ज्ञानेश्वरीनंबी बघितलं. मग ती उठली, पातेल्याला फडकं लावून दोन्ही हातांनी धरलं, आन सासू लाकडानं चीक हाटायला लागली. चुलीचा धूर दोघींच्या डोळ्यात जात होता, त्यामुळं कोण कशानं रडतंय ते कळायला मार्ग नव्हता.

नात सृष्टी मोबाईल घिऊन बाजेच्या कडंला. "आये, रिंगच जाईना." परत लावायची. आत टीव्हीवर कोट घातलेली चार माणसं एकमेकाच्या अंगावर वरडत होती. मग साबणाची जाहिरात लागली. मग परत तोच धूर.

आमी बाजेवर धुतलेलं लुगडं आंथरून कुरडया घालत ऱ्हायलो. सोऱ्या दाबताना हरणाबाई मधीच थांबायची आन कान टवकारायची. एकदा म्हणाली, "तुळजे, बाँब कसा आसतो गं? इजंसारखा?"

"मला काय म्हाईत बाई."

"इजंला निदान आदी ढग तरी येत्यात."

ऊन डोक्यावर आलं आन गल्लीत मेंढरांचा आवाज झाला. आमी चमकलो. हरणाबाईचा मालक बिरूभाऊ, सकाळी मेंढरं घिऊन गेला की दिवस मावळल्याबिगर घर बघत न्हाई. नात जन्मली तवाबी सांजच्यालाच आला होता. आज भर दुपारी समदा कळप घिऊन दारात उभा. धोतर काट्यात फाटलेलं.

"गावातला रणधीर ट्रॅक्टरवरनं म्हनला, बंदर जळालं. आपलंच का त्ये?"

हरणाबाईनं व्हय म्हणून मान हलवली. बिरूभाऊ तिथंच खाली बसला. तेवढ्यात सृष्टी किंचाळली, "पप्पाचा फोन! पप्पाचा!"

सगळी मोबाईलवर तुटून पडली. काचेत मल्हारचं तोंड, काजळीनं काळं, पण त्याचंच. हरणाबाई काचेवरनंच त्याच्या गालावर हात फिरवायला लागली आन फोन बंद पडतो का काय म्हणून सृष्टी वरडायली.

"बरा हाय आये. रडू नगंस. म्या बंदराच्या दुसऱ्या आंगाला व्हतो."

"माघारी ये लेकरा! आजच निघ!"

तो खाली बघाय लागला. "इमानं बंद हायती. पासपोर्ट मालकाकडं हाय. आन आये... माझ्या खोलीवरचा, केरळचा गडी, आगीवर पानी मारणाऱ्या टँकरवर व्हता. त्यो गेला." मग म्हणाला, "आज सांजपास्नं त्यो टँकर माझ्याकडं दिलाय."

"न्हाय म्हन!" ज्ञानेश्वरी वरडली. "तू न्हाय म्हन त्येंला!"

"न्हाय म्हनून कुठं जाऊ?"

बिरूभाऊनं फोन मागून घेतला. एवढंच म्हणाला, "जेवलास का?"

"जेवलो आबा," मल्हार म्हणाला, आन चित्र थिजलं. मग तेबी गेलं.

मागं वळून बघितलं तर मेंढरं बाजेवर चढलेली. ओल्या कुरडया लुगड्यासकट चघळत होती. पातेल्यातला चीक थंड होऊन दगड झालेला. मी काठी उचलली, तर हरणाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुळजे. खाऊ दे त्येंला." आन भिंतीला टेकून बसली, पाय पसरून, पदर सावरायचंबी भान न्हाई.

ज्ञानेश्वरीनं मात्र पातेलं ओढून घेतलं आन घासायला लागली. घासून झालं तरी घासत ऱ्हायली.

दिवस कलला. बिरूभाऊ दुपारधरनं बाजेशेजारी बसून होता. त्यानं नातीला जवळ बोलावलं.

"त्या गावाचं नाव परत सांग बरं. शिवारात कुनाच्या मोबाईलवर आलं तर म्या वळखाया पायजे."

"रास हमीदा."

"रास? आपल्या खळ्यावर पडती तसली?"

"न्हाय आबा, म्या मोबाईलवर बघितलंय. जमीन समिंदरात जाती ना, तिच्या पार शेवटच्या टोकाला तिकडं रास म्हनत्यात."

बिरूभाऊच्या ओठातल्या ओठात ते नाव दोनचारदा फिरलं, दर खेपंला येगळंच.

"मंजी म्होरं पाय टाकाया जागाच न्हाय," तो म्हणाला, आन काठी टेकत मेंढरं कोंडायला उठला.