घशात अडकलेलं पातं

मित्रांनो, होडीच्या पाठीला लटकून आयुष्य काढलेली एक जुनी मोटर मी. अंगावरच्या निळ्या रंगाचे पापुद्रे निघाले आहेत, झाकणाला पोचा पडला आहे, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरची माणसं मला न बघताच ओळखायची. पण जी गोष्ट सांगायला बसले आहे, ती आठवली तरी अजून माझ्या आतलं तेल पातळ होतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या लोकांनी मला पाण्याच्या पिंपात बुडवून माझी परीक्षा घेतली आणि पास केलं. मालक मला घोंगडीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं घरी घेऊन आले. तेरा वर्षं आम्ही खाडीच्या ऐन तोंडावरून माणसं पलीकडे नेली. माणसं, शेळ्या, गाद्या, एकदा तर आरशासकट अख्खं कपाट! "हिच्या जिवावर माझं घर चालतं," असं मालक चारचौघांत सांगायचे, तेव्हा मी फुगून अर्धा फेरा जास्त फिरायचे.

पुढे खाडीवर पूल झाला. लोक बसने जाऊ लागले. मालकांनी मला पुसून कोठीच्या खोलीत टांगलं, वर पोतं टाकलं आणि म्हणाले, "बघू आठवड्याभरात." त्या आठवड्याला सहा वर्षं लागली. माझ्या आत खाऱ्या पाण्याचं मीठ तसंच राहून गेलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काम केल्याने आम्ही झिजतो खऱ्या, पण नुसतं बसून त्याहून लवकर संपतो.

आणि एके दिवशी पुलाच्या खांबाला तडा गेला. पूल बंद झाला. नेमकी त्याच आठवड्यात मालकांची लेक पलीकडच्या इस्पितळात बाळंत झाली. मुलगी झाली. आठव्या दिवशी सकाळी दहाला दोघींना घरी सोडणार होते. वळसा घालून आणायचं तर चार गाड्या बदलून अख्खा दिवस. ओल्या बाळंतिणीला आणि आठ दिवसांच्या जिवाला तसं कोण फरफटवेल? म्हणून आदल्या दिवशी मालकांनी माझ्यावरचं पोतं काढलं.

अंगणात लाकडी चौकटीवर मला बसवलं. रॉकेलने कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, ताजं पेट्रोल घातलं. इथपर्यंत सगळं नीट होतं. मग आनंदाच्या भरात मालकांचं भान सुटलं. पाण्याचा पत्ता नसताना त्यांनी माझी दोरी ओढली. मी खोकले, ठसकले आणि सुरू झाले.

"ऐकलंस का गं? बोलली!" मालक बायकोला ओरडून म्हणाले आणि डोळे मिटून मिनिटभर माझा आवाज ऐकत उभे राहिले.

मित्रांनो, माझ्या पायाशी एक रबरी चक्र असतं. त्याला सहा पाती. ती पाणी ओढून वर पाठवतात म्हणून मी थंड राहते. कोरडं फिरलं की रबर जळतं. सहा वर्षं वाळलेल्या त्या चक्राचं एक पातं 'टच्' करून तुटलं. मी कुणाला सांगणार?

मालकांनी नंतर पिंप भरून त्यात मला सुरू केलं. वर ओढलेलं पाणी माझ्या मागच्या बारीक भोकातून बाहेर पडायला हवं, ते येईना, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. दुकानातून नवं चक्र आणून बसवलं. पण तोवर तुटलेलं पातं पाण्यासोबत वर सरकून माझ्या घशात जाऊन बसलं होतं.

"येतंय की पाणी!" मालक खुशीत म्हणाले.

बाई, म्हणजे मालकांची बायको, दारात बसून नातीचं झबलं शिवत होत्या. घरच्या घरी शिवणकाम करणारी ही शांत बाई. त्यांनी मान वर केली. "ही धार आहे? बंद केलेला नळ गळतो तसं गळतंय. पूर्वी अंगण भिजायचं."

"म्हातारी झालीय ती. तू आणि मी तरी कुठे धावतोय?"

बाई हसल्या, पण उठल्या. वर्तमानपत्रावर टाकलेलं जुनं चक्र उचलून बोटांनी फिरवू लागल्या.

"अहो, पाचच आहेत."

"काय पाच?"

"पाती. सहावं कुठंय?"

"झिजलं असेल."

"झिजलं असतं तर बुडखा गुळगुळीत लागला असता. हे तुटलंय."

"अगं, नवीन बसवलंय ना! जुन्याचं काय घेऊन बसलीस? हे तुझं शिलाई मशीन नव्हे."

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "माझी सुई तुटली, तर नवी घालून मी कामाला लागत नाही. टोक सापडेपर्यंत तो कपडा घराबाहेर जात नाही. कुणाच्या तरी अंगाला लागायचा असतो तो. उद्या माझी नात तुमच्या होडीत बसणार आहे."

मालकांनी खाडीकडे पाहिलं. खाडीच्या तोंडाशी पाण्याला किती ओढ असते, ते त्यांना ठाऊक होतं. तिथे मी तापून बंद पडले, तर होडी थेट खडकांवर. शेवटी ते हळूच म्हणाले, "बोल्ट गंजलेत गं. आता उघडली आणि जुळलीच नाही तर?"

"ते मला नाही सांगता येत. पण न उघडता नेली तर काय होईल, ते दिसतंय."

मला पुन्हा उघडलं. जुन्या चादरीवर एकेक भाग ओळीने मांडला, नट बाईंच्या बटणांच्या डबीत गेले. एक बोल्ट हटेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा पाना लावला. तो तुटला असता तर माझं आयुष्य तिथेच संपलं असतं. मी देवाचं नाव घेत होते. किंचाळत का होईना, निघाला एकदाचा. मालकांनी खालची नळी फुंकून पाहिली. मोकळी होती.

"बघ! काही नाही."

पातं तिच्या वर होतं, वळणावर! आता त्यांनी मिटलं तर? पण बाईंनी वाद घातला नाही. नाडी ओवायची लांब तार आणली आणि वरच्या वाटेत हळूहळू सरकवली.

"इथं अडतंय."

मालकांनी वरचं छोटं झाकण उघडलं. काळं, नखाएवढं पातं मिठाच्या खपलीत रुतून बसलं होतं. बाईंनी ते चक्राला लावून पाहिलं. तुटलेल्या कडा जुळल्या, पण तांदळाएवढा एक कोपरा कमी होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या वेळी मालकांनी स्वतःच तार हातात घेतली. तो कोपरा सापडायला तासभर लागला. मग मला जोडून पिंपात सुरू केलं, तेव्हा पूर्वीसारखं अंगण भिजलं.

दुसऱ्या दिवशी परत येताना बाळ बाईंच्या मांडीवर होतं. खाडीच्या तोंडाशी पाणी ओढू लागलं. प्लग दगा देईल का, तो बोल्ट टिकेल का, या काळजीने मी अर्धमेली झाले होते. तरी एकसारखी फिरत राहिले. बाळ माझ्या आवाजात झोपलं होतं.

"बाबा, नवीन मोटर घेतलीत?" लेकीने विचारलं.

"नाही गं. जुनीच," मालक म्हणाले. "तुझ्या आईने दुरुस्त केली."

मित्रांनो, मी अजून घाबरतेच. उद्या माझ्या आत आणखी काही अडकलं, तरी मला ते सांगता येणार नाही. म्हणून एवढंच मागते. आम्हाला वापरा, धुवा, पुसा. उघडलेली वस्तू घाईने मिटू नका. आणि शेजारी उभं राहून कुणी हळू आवाजात "थांबा" म्हणालं, तर हातातला पाना क्षणभर खाली ठेवा.