‘होऊन जाईल’ म्हणजे कोण करणार?

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास वडाळ्यातल्या एका गोदामात मालाचा उंच रॅक कोसळला. खाली काम करणारे मदतनीस लवू पेडणेकर मिक्सरच्या खोक्यांखाली गाडले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

संध्याकाळपर्यंत कंपनीने अक्षता घाग या प्रशिक्षणार्थी सुपरवायझरला निलंबित केलं. रॅकचा खांब वाकलेला दिसत असूनही तिने काम चालू ठेवलं, असं कारण देण्यात आलं. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तोवर दोघांनाच ठाऊक होतं. एक अक्षता, आणि दुसरे कंपनीचे कामकाज प्रमुख राजरत्न गमरे.

राजरत्न घोडपदेवच्या चाळीत वाढले. गोदामात माल मोजण्यापासून सुरुवात करून ते काचेच्या केबिनपर्यंत पोचले. परळचं एक महाविद्यालय त्यांना दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे बोलायला बोलावतं. त्यांचं भाषण मुलांना पाठ झालं होतं. ‘नेता कधी नाही म्हणत नाही. साहेबाने काम सांगितलं की आधी होऊन जाईल म्हणायचं, मग डोकं चालवायचं.’ ते व्यासपीठावरून विचारायचे, ‘काम अवघड आहे?’ आणि सगळं सभागृह ओरडायचं, ‘होऊन जाईल!’

दोन वर्षांपूर्वी त्या ओरडणाऱ्यांत अक्षता होती. भाषण संपल्यावर ती त्यांना जिन्यात गाठून म्हणाली होती, “सर, मला तुमच्याच हाताखाली शिकायचंय.”

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला तेव्हा राजरत्न लोअर परळच्या ऑफिसात बैठकीत होते.

“सर, बी लाइनच्या रॅकचा एक खांब वाकलाय. फोर्कलिफ्टचा धक्का बसलाय बहुतेक. आधी वरचा माल उतरवून घेऊ का? अर्धा दिवस जाईल.”

“अक्षता, दिवाळीचा माल आहे. गाड्या गेटवर उभ्या आहेत. मी तुला काय शिकवलंय?”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. माल उचलणारी फोर्कलिफ्ट मागे घेताना होणारा टूं-टूं आवाज तेवढा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “होऊन जाईल, सर.”

“शाब्बास!” असं म्हणून राजरत्न यांनी फोन ठेवला होता.

बुधवारी सकाळी संचालक हितेंद्र यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

“गमरे, तुम्ही मध्ये पडू नका. पोरगी ट्रेनी आहे, तिचा अंदाज चुकला. चार महिन्यांनी दुसरीकडे लागेल. तुमचं नाव आलं तर कंपनीचं नाव येतं. सोमवारी चौकशी समितीपुढे एवढंच सांगा, मला कल्पना नव्हती. होऊन जाईल.”

राजरत्न यांनी मान हलवली. पण तो शब्द त्यांच्यामागे केबिनबाहेर आला. लिफ्ट बंद होती. वॉचमन म्हणाला, “होऊन जाईल साहेब, मेकॅनिकला बोलावलंय.” टॅक्सीवाल्याला सुटे विचारले, तो म्हणाला, “होऊन जाईल.” रोज कानावरून जाणारा शब्द. आता तो ऐकला की फोनवरची त्याच्याआधीची ती शांतता ऐकू यायची आणि तिच्या मागचा टूं-टूं आवाज. त्यांनी अक्षताला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंदच.

गुरुवारी ते रुग्णालयात गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर लवूंची पत्नी शेवंती बसली होती. हे कोण, तिला माहीत नव्हतं. शर्ट इस्त्रीचा आहे म्हणजे कंपनीतलेच कुणी असणार, एवढं तिने ओळखलं.

“साहेब, एक विचारू? तेंका त्या रॅकाखाली कोणी धाडल्यान?”

राजरत्न यांनी नजर अतिदक्षता विभागाच्या दाराकडे वळवली.

“माका कोणच सांगणत नाय. जो येता तो म्हणता, झाला. अपघात झाला. पण पाठवणारो कोणतरी असतलोच मा?”

“चौकशी चालू आहे,” राजरत्न म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

तिथून ते थेट अँटॉप हिलला मोठ्या बहिणीकडे गेले. संघमित्रा गमरे सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहेत. ड्युटी करून आल्या होत्या आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या होत्या.

“जेवलास?”

“भूक नाही, ताई.”

“भूक कुणी विचारली? जेवलास का, ते विचारलं.”

त्यांनी सगळं सांगितलं. संघमित्रा यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मग? सोमवारी काय सांगणार?”

“हितेंद्र सर म्हणतात, गप्प राहा. पोरीचं वय आहे, मिळेल दुसरी नोकरी. होऊन जाईल सगळं नीट.”

“कोण करणार नीट?”

“म्हणजे?”

“‘मी करते’ म्हटलं की कळतं, कोण करणार ते. ‘होऊन जाईल’मध्ये माणूसच नाही, राजा. म्हणून तर तो शब्द तोंडातून इतका सहज निघतो. काम बिघडलं की मग माणूस शोधायला निघतात. आणि सापडतो कोण? सगळ्यात खालचा.”

राजरत्न चिडले. “तुला बोलायला सोपं आहे! मी ‘नाही’ म्हणत बसलो असतो तर इथे पोचलो असतो? आपल्या पोरांना एक ‘नाही’ किती महाग पडतं, तुला माहीत नाही?”

“चांगलं माहीत आहे. म्हणूनच म्हणते. तू वर गेलास ना? मग खालच्यांसाठी ते ‘नाही’ जरा स्वस्त करायचं होतंस. ते तर केलं नाहीस. वर तेच भाषण करून पोरांना विकलंस!”

शेजारच्या घरातल्या टीव्हीवर कसलीतरी स्पर्धा चालू होती. मग संघमित्रा जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “ऑपरेशन संपून पोट शिवायच्या आधी आम्ही कापसाच्या पट्ट्या मोजतो. आत काही राहायला नको म्हणून. परवा नवीन पोरीची मोजणी जुळेना. सर्जन दमलेले, चिडलेले. ती थरथरत म्हणाली, थांबा सर. ते थांबले.”

“मग? पट्टी आत होती?”

“नाही. टेबलाखाली पडली होती.”

“म्हणजे उगाच थांबवलं.”

“तुझ्या ऑफिसात तिला तेच ऐकावं लागलं असतं. आमचे सर्जन तिला म्हणाले, उद्याही असंच थांबव. हात त्यांचा, नाव त्यांचं, पण थांबवायचा अधिकार तिचा. तुझ्या अक्षताने फोन कशाला केला होता रे? परवानगी मागायला नाही. तिलाही थांबवायचं होतं. तू ऐकलं नाहीस.”

शनिवारी सकाळी महाविद्यालयातलं व्याख्यान आधीच ठरलेलं होतं. राजरत्न रद्द करू शकले असते. केलं नाही. सभागृह भरलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने उत्साहात पुकारा केला, “आज आपल्यासोबत आहेत, आपले सर्वांचे लाडके… काम अवघड आहे?”

“होऊन जाईल!” शेकडो गळे एकदम ओरडले. छताचे पंखेही हलल्यासारखे वाटले.

राजरत्न यांनी माइक हातात घेतला आणि ते काहीच बोलले नाहीत. सुरुवातीला मुलं हसली. कुणीतरी शिट्टी मारली. मग कुजबुज झाली आणि हळूहळू तीही विरली. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. त्या शांततेत राजरत्न यांना पुन्हा तोच फोन ऐकू येत होता.

“मंगळवारी एका मुलीने हेच उत्तर मला दिलं,” ते म्हणाले. “ती इथेच बसायची. तिला रॅकचा वाकलेला खांब दिसला होता. तिने मला सांगितलं. तिला काम थांबवायचं होतं, पण तिच्या तोंडात घालायचं वाक्य मी दोन वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलं होतं. आज एक माणूस बेशुद्ध आहे आणि तिची नोकरी गेल्यात जमा आहे. माझी अजून आहे!”

मागच्या रांगेतून वरद नावाचा विद्यार्थी उभा राहिला. “सर, राग मानू नका. पण आम्ही ‘थांबा’ म्हटलं आणि नोकरी गेली तर? फ्रेशरचं कोण ऐकतं?”

“जाऊ शकते. खोटं सांगणार नाही.”

“मग काय करायचं?”

“उर्मट होऊ नका. पण काम अंगावर घेताना विचारा, कोण करणार, कसं करणार आणि चुकलं तर इजा कुणाला होणार? उत्तर मिळालं नाही तर ‘होऊन जाईल’ म्हणू नका. आणि हे तुमच्यापेक्षा जास्त मला लागू आहे. उद्या तुम्ही साहेब व्हाल. तेव्हा तुमच्या हाताखालचं पोर ‘थांबा’ म्हणायला घाबरलं, तर समजा, तुम्ही फक्त खुर्चीवर बसलात, नेते झाला नाहीत!”

“आणि सर, तुमची नोकरी?” वरदने विचारलं.

“ते सोमवारनंतर कळेल,” राजरत्न म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्या पडल्या नाहीत.

वाचकहो, आपल्यातल्या किती घरांत, ऑफिसांत, दुकानांत हा शब्द रोज कामाला लावला जातो! वरच्याला बरं वाटावं म्हणून खालचा तो बोलतो. वरचाही तो ऐकून निश्चिंत होतो. मधला धोका दोघांनाही दिसत असतो. मुलांना यशाचे मंत्र देण्याआधी आपल्याला कुणी ‘थांबा’ म्हटलं तर आपण थांबतो का, हे मोठ्यांनी स्वतःला विचारायला हवं. ज्याच्यापुढे लहानातला लहान माणूस न भिता धोका बोलून दाखवू शकतो, तोच नेता.

सोमवारी राजरत्न यांनी चौकशी समितीला आणि नंतर पोलिसांना तो फोन शब्दशः सांगितला, ‘शाब्बास’सकट. मग रुग्णालयात जाऊन शेवंतीबाईंना आपलं नाव सांगितलं आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. शेवंतीबाईंनी ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मंगळवारी कंपनीने राजरत्न यांना पुढील सूचना मिळेपर्यंत कामावर न येण्यास कळवलं.

अक्षता घागचं निलंबन अद्याप मागे घेतलेलं नाही. समितीने तिचं म्हणणं ऐकण्यासाठी तिला अजून बोलावलेलं नाही. लवू पेडणेकर यांनी काल दुपारपर्यंत डोळे उघडलेले नव्हते.