मी आपोआप वाजले नव्हते

थांबा, हात जोडायची घाई करू नका. आधी माझं ऐकून घ्या. मी या सोनेरी विहाराची घंटा बोलतेय. माझ्यापुढे माणसं हात जोडतात तेव्हा मला हल्ली भीतीच वाटते. जोडलेल्या हातांत काय लपलंय ते वरून दिसत नाही.

माझा जन्म इथलाच, नान नदीच्या काठचा. गावातल्या बायकांनी काशाच्या वाट्या, पळ्या, फुटकी पानदानं आणून दिली आणि त्यातून मला ओतलं. ओतणाऱ्याचा हात जरासा चुकला. माझ्या ओठाची एक बाजू खडबडीत राहिली. तिथे टोला बसला की माझा आवाज घोगरा निघतो, म्हातारा खोकल्यासारखा.

तेव्हा विहार लाकडाचा होता, छपरातून ऊन आत यायचं. मी शेजारच्या चिंचेला टांगलेली. मला वाजवायची ती गावातली फिकुल. चिकट भात वाफवायची टोपली चुलीवर चढवायची आणि लाकडी दांडका घेऊन यायची. घोगरी बाजू टाळून नेमकी चांगल्या बाजूला मारायची. अशी तीस वर्षं गेली. फिकुलची फिकुल आजी झाली.

मग विरोत विहार समितीचा प्रमुख झाला. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या वाटेवरचा पूल त्यानेच खटपट करून बांधून घेतला होता. पण त्याला सगळंच मोठं हवं असायचं. पाच वर्षांत इथे सोन्याच्या मुलाम्याचं छप्पर उभं राहिलं, पायऱ्यांना काचेच्या खवल्यांचे नाग आले, आणि मागोमाग बसगाड्या आल्या.

गाव हरखून गेलं. "आता आपलं गाव नकाशावर दिसेल," लोक म्हणायचे. बायका फाटकापाशी नारळाच्या दुधातला भात विकू लागल्या. कोणी पहिल्यांदाच बुद्धमूर्तीपुढे बसून मनसोक्त रडलं, तेही मी पाहिलंय. खोटं कशाला बोलू?

फिकुल आजी मात्र छपराकडे बघून म्हणाली, "एवढा चकचकाट करून बुद्धाला काय दाखवायचंय? तो तर राजवाडा सोडून निघाला होता!"

"आजी, तुला कशातच चांगलं दिसत नाही," विरोत हसून म्हणाला.

"दिसतं रे. म्हणून तर दुसऱ्यांदा बघते."

मला नव्या मनोऱ्यात चढवलं. तिथे माझ्या पोटात लोखंडी लोलक बसवला. मला नवल वाटलं. आजवर मला बाहेरून वाजवत आले होते, मग आता पोटात लोलक कशाला? पण घंटेला कोण विचारतो!

उद्घाटनाच्या दिवशी अंगण माणसांनी फुललं होतं. सूत्रपठण संपलं, शांतता झाली, आणि माझ्या पोटातला लोलक हलला. एकदा. दोनदा. तीनदा. मनोऱ्यात कोणीच नव्हतं. खाली कोणीतरी ओरडलं, "आपोआप वाजली!" आणि हजार डोकी जमिनीला टेकली.

एकच डोकं वर होतं, फिकुल आजीचं. तिन्ही टोले घोगऱ्या बाजूला बसले होते. ते तिच्या कानाने टिपलं होतं; आपोआप झुलला असता तर लोलक दोन्ही बाजूंना लागला असता.

एवढ्यावर भागलं असतं तर ती गप्प बसली असती. पण त्या गर्दीत मालिवान होती. तिचा मुलगा सिंगखाम दक्षिणेला मासेमारीच्या बोटीवर गेला होता. तीन महिन्यांपूर्वी वादळात बोट बुडाली. किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांची ओळख पटवायला सरकारी कचेरीने आयांना रक्त द्यायला बोलावलं होतं. मालिवान दुसऱ्याच दिवशी निघणार होती. घंटा वाजल्यावर तिने भरलेली पिशवी रिकामी केली.

"मावशी, आता जायचं कशाला?" ती आजीला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मी मनात विचारलं, माझा पोर जिवंत आहे का? आणि घंटा वाजली. तीनदा!"

पुढचे आठ दिवस आजी रोज अंगण झाडायला यायची आणि झाडू थांबवून माझ्याकडे बघत राहायची. नवव्या दिवशी दुपारी गुडघे धरत धरत मनोऱ्यावर चढली. माझ्या पोटात हात घालून चाचपलं. लोलकाला मासे धरायची बारीक, पारदर्शक दोरी बांधलेली होती. ती खांबामागून खाली समितीच्या खोलीत गेली होती.

तिने विरोतला तिथेच गाठलं.

"हे काय आहे, विरोत?"

तो हळूच म्हणाला, "आजी, लोकांना आधार लागतो. कुणाचं काही बिघडलं का?"

"मालिवानचं पोर कुठेतरी बेवारस पडलं असेल. आणि ती त्याच्यासाठी ताट वाढून बसलीय. हा तुझा आधार!"

विरोतने मान खाली घातली. दोरी काढतो, असं मात्र म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी आजी मालिवानला वर घेऊन आली. दोरी तिच्या हातात दिली.

"ओढ."

मालिवानने ओढली. मी वाजले. माझा तो घोगरा आवाज मला कधी एवढा नकोसा झाला नव्हता.

मालिवान दोरीकडे बघत राहिली. मग आजीवरच कडाडली, "तुला काय मिळालं गं हे करून? आठ दिवस शांत झोपले होते मी! आठ दिवस!" आणि जिन्यावरून धावत खाली गेली.

पण दुसऱ्या सकाळी ती दक्षिणेच्या गाडीत बसली. रक्त जुळलं. सिंगखामच्या अस्थी घरी आल्या, भिक्खूंनी पठण केलं, नदीत विसर्जन झालं. आजी मागच्या रांगेत बसली होती. मालिवानने तिच्याकडे पाहिलंही नाही.

विहारातल्या आजारी थोरल्या भन्तेंच्या, मुख्य भिक्खूंच्या, कानावर सगळं गेलं. त्यांनी चिडचिड केली नाही. अंथरुणावरूनच सांगितलं, "जाड सुताचा दोर आणा. अंगणाच्या मध्यभागी सोडा. वाजवणारा सगळ्यांना दिसू दे."

आता तो दोर लोंबतोय. तरी बसगाड्या कमी झालेल्या नाहीत. "दोर नुसता दाखवायला आहे," लोक कुजबुजतात, "खरी तर आपोआपच वाजते." सत्य समोर टांगलं तरी माणसं त्याच्या आडून बघतात. मला कोणाचाच भरवसा वाटत नाही, तो त्यामुळेच.

आज सकाळी मालिवान आली. सहा महिन्यांनी. आजी झाडत होती. मालिवान तिच्याशी बोलली नाही, पण तिच्या हातातला झाडू काढून भिंतीला टेकवला आणि तिला कट्ट्यावर बसवलं. मग दोर धरून मला एकदा वाजवलं.

बसमधून उतरलेली एक बाई धावत आली, हात जोडून, डोळे भरून. "ताई, आत्ता वाजली ती आपोआप ना?"

मालिवान म्हणाली, "नाही हो. मी वाजवली. माझ्या मुलासाठी."

तुम्हीही याल कधी. माझ्याजवळ उत्तरं मागू नका, ती काशात नसतात. कोणाची आठवण आली तर दोर धरा आणि स्वतःच्या हाताने वाजवा. तेवढा आवाज मी खरा देईन.